चष्मा जातो, लांब डोळा राहतो

पत्र : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. माझी मुलगी २० वर्षांची असून बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकते. तिला आठवीपासून चष्मा आहे. या वर्षी तिच्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे ४.५० व सिलिंडर उणे १.२५, आणि डाव्याचा उणे ५.०० व सिलिंडर उणे ०.५० निघाला. गेल्या वर्षी उजवा उणे ४.०० व सिलिंडर ०.५०, तर डावा उणे ४.५० व सिलिंडर ०.५० होता. ती कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळते आणि खेळताना कॉन्टॅक्ट लेन्स घालते. उन्हाळ्याच्या तोंडावर तिचे डोळे फार खाजतात, मग ती ते सारखी चोळत बसते. पुढच्या वर्षी तिच्यासाठी स्थळे पाहायची आहेत. चष्म्यामुळे अडायला नको, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत लेझर करून घ्यावे असे घरात ठरत आले आहे. एका दवाखान्याच्या जाहिरातीत ‘दोन मिनिटांत चष्म्यापासून कायमची सुटका’ असे लिहिले आहे. माझ्या जाऊबाईंच्या मुलीने करून घेतले, तिला काही त्रास नाही. सासूबाई मात्र म्हणतात की लेझरने डोळ्याची शीर जळते आणि म्हातारपणी दिसेनासे होते. लेझरने नक्की होते तरी काय? आणि मला स्वतःला ४६व्या वर्षी वाचायचा चष्मा लागला आहे, तोही जाईल का?
– एक आई, सातारा जिल्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण दोन्ही वर्षांचे नंबर सिलिंडरसकट लिहून पाठवलेत, हे फार बरे केलेत. बहुतेक पत्रांत ‘नंबर साडेचार आहे’ एवढेच असते आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. आपल्या आकड्यांवरून मात्र एक गोष्ट सांगता येते, आणि ती मी आधीच सांगून टाकते : या दिवाळीत मुलीचे लेझर करू नये, तिच्या डोळ्यांची तपासणी मात्र दिवाळीची वाट न पाहता याच महिन्यात करून घ्यावी. या दोन्ही गोष्टी का, हे कळण्यासाठी लेझरने डोळ्यात काय घडते ते पाहायला हवे, आणि आपण विचारलेही तेच आहे.

डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण आतल्या दृष्टिपटलावर, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘पडदा’ म्हणतो त्यावर, नेमके एकत्र यावे लागतात. त्यांना वळवण्याचे काम दोन भाग करतात. मनगटी घड्याळाच्या फुगीर काचेसारखा डोळ्याच्या दर्शनी भागावर बसलेला पारदर्शक घुमट म्हणजे पारपटल, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. आणि त्याच्या मागे, बाहुलीच्या आड, नैसर्गिक भिंग असते. भिंगाची शक्ती डायॉप्टर या एककात मोजतात, आणि चष्म्याचा नंबरही त्यातच असतो. डोळ्याची एकूण शक्ती ६० डायॉप्टरच्या आसपास धरली, तर त्यातले सुमारे ४३ डायॉप्टर एकटे पारपटल पुरवते. सर्वसाधारण डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. उणे नंबराच्या बहुतेक डोळ्यांत ही लांबी वाढलेली असते, आणि एक मिलिमीटर वाढली की ढोबळमानाने अडीच ते तीन नंबर येतो. आपल्या मुलीचा डोळा म्हणजे दीड-दोन मिलिमीटरने लांब असावा. तेवढ्यामुळे प्रतिमा पडद्यापर्यंत पोचण्याआधीच तयार होते आणि मागच्या बाकावरून फळ्यावरची अक्षरे पुसट दिसतात. चष्म्याची अंतर्वक्र काच किरणांना थोडे फाकवून ती प्रतिमा मागे ढकलते.

लेझर शस्त्रक्रियेत हीच काच जणू पारपटलावर कोरली जाते. घुमटाचा मधला भाग कडेपेक्षा किंचित अधिक उतरवला की घुमट चपटा होतो, त्याची शक्ती चार-पाच डायॉप्टरने घटते आणि प्रतिमा पडद्यावर येऊन बसते. सिलिंडरचा नंबर असेल तर घुमट चेंडूसारखा सगळीकडे सारखा गोल नसतो, एका दिशेने तो अधिक वळलेला असतो. अशा वेळी त्या दिशेने थोडे जास्त उतरवतात. एवढेच ते काम आहे. डोळ्याची लांबी लेझरच्या आधी होती तितकीच नंतरही राहते, आणि जो भाग उतरवला तो पुन्हा भरून येत नाही. ‘कायमची सुटका’ या शब्दांतले ‘कायमचे’ खरे कशाला लागू आहे, ते यावरून आपल्या लक्षात येईल.

आता सासूबाईंच्या भीतीविषयी. ती निराधार आहे असे म्हणून मी सोडून देणार नाही, कारण ती कुठून आली असावी याचा मला अंदाज आहे. मधुमेहाने ज्यांच्या पडद्यावर परिणाम झाला आहे अशा रुग्णांना वेगळ्या प्रकारचा लेझर देतात. तो खरोखरच पडद्यावर बारीक बारीक भाजल्याचे ठिपके पाडतो, आणि तो ज्यांना द्यावा लागतो त्यांची दृष्टी आधीच धोक्यात आलेली असते. गावात अशा कुणाची नजर पुढे गेली असेल, तर लोक दोष लेझरला देतात. नंबर काढण्याचा लेझर याहून अगदी निराळा आहे. तो १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश असतो, त्याला एक्सायमर लेझर म्हणतात, आणि तो पारपटलाच्या वरच्या थरातच इतका पूर्णपणे शोषला जातो की मागे भिंगापर्यंतही पोचत नाही, मग पडदा आणि डोळ्याची शीर तर दूरच. त्या प्रकाशातली ऊर्जा पेशीजालातल्या रेणूंचे बंध थेट तोडते आणि तुटलेले कण वाफेसारखे उडून जातात. आजूबाजूला भाजण्याइतकी उष्णता पसरतच नाही. एका स्पंदात मायक्रॉनचा साधारण पाव हिस्सा निघतो, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शस्त्रक्रियेच्या वेळी केस जळल्यासारखा वास येतो हे मात्र खरे आहे. तो वास त्या उडालेल्या कणांचा असतो, हे मुलीला वेळ येईल तेव्हा आधी सांगून ठेवावे, म्हणजे ती दचकणार नाही.

हा न भाजता कापणारा प्रकाश कसा सापडला, ते आपल्या शाळेतल्या मुलांना सांगण्याजोगे आहे. मद्रास विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम यांच्याबरोबर या लेझरवर काम करत होते. १९८१च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, घरच्या जेवणातून उरलेले टर्की पक्ष्याचे तुकडे घेऊन ते प्रयोगशाळेत आले आणि त्यांवर त्यांनी हा प्रकाश सोडला. चीर स्वच्छ पडली. तुलनेसाठी हिरव्या लेझरने पाडलेल्या चिरेच्या कडा मात्र करपल्या. स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांनी १९८३मध्ये हा प्रकाश पारपटलावर वापरून पाहिला, आणि तिथून आजच्या शस्त्रक्रियेची वाट सुरू झाली.

भीती इथे संपावी. हिशेब इथे सुरू होतो. पारपटलाची मध्यभागी जाडी साधारण ५०० ते ५५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. एक नंबर उतरवायला सुमारे १२ ते १५ मायक्रॉन खर्ची पडतात, तेव्हा पाच नंबरासाठी ६० ते ७५ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीइतका भाग जातो. लॅसिक प्रकारात याच्याही आधी वरचा सुमारे १०० ते १२० मायक्रॉनचा पापुद्रा उचलावा लागतो, आणि तो नंतर परत बसवला तरी घुमटाला पूर्वीसारखा आधार देत नाही. आतल्या दाबाला तोंड देण्यासाठी खाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक राहिलेच पाहिजेत. सावध शल्यचिकित्सक ३०० धरतात, आणि मीही तेच धरते. समजा, जाडी ५२० आहे. त्यातून पापुद्र्याचे ११० आणि नंबराचे ७० वजा केले की ३४० उरतात, म्हणजे ठीक आहे. जाडी ४७० असेल तर याच हिशेबाने २९० उरतात, आणि मग विचार बदलावा लागतो.

या हिशेबात एक पळवाट आहे, ती आपण ओळखून असावी. उतरवायची खोली कोरलेल्या भागाच्या व्यासाच्या वर्गानुसार वाढते, त्यामुळे व्यास साडेसहा मिलिमीटरऐवजी साडेपाच ठेवला की बरीच जाडी वाचते आणि कागदावर बेरीज-वजाबाकी जमून जाते. पण रात्री बाहुली मोठी होते, कोरलेल्या भागाबाहेरचा प्रकाशही आत शिरतो, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलये दिसू लागतात. जाऊबाईंच्या मुलीला त्रास झाला नाही याचा अर्थ तिचा हिशेब जमला एवढाच आहे. तिची जाडी, तिचा नंबर आणि तिची बाहुली आपल्या मुलीच्या उपयोगाची नाही.

प्रकारांविषयी थोडक्यात सांगते, कारण दवाखान्यात ही नावे आपल्या कानावर पडतील आणि नव्या नावाला जास्त पैसे मागितले जातील. पीआरके ही सर्वांत जुनी पद्धत. तिच्यात पापुद्रा उचलत नाहीत. पारपटलावरची नाजूक वरची साय तेवढी काढून थेट खाली लेझर देतात. तीन ते पाच दिवस दुखते, डोळ्यांतून पाणी येते, वर पट्टीसारखी लेन्स ठेवावी लागते आणि नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे जातात. लॅसिकमध्ये पापुद्रा असतो, त्यामुळे दुखणे फारसे नसते आणि दुसऱ्या दिवशी बहुतेकांना चांगले दिसू लागते. स्माइल प्रकारात दुसऱ्या जातीच्या लेझरने पारपटलाच्या आतच एक पातळ चकती सुटी करून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर ओढून घेतात. तिन्हींत भूल थेंबांचीच असते आणि लेझर प्रत्यक्ष चालतो तो वेळ एका डोळ्यामागे मिनिटभराच्या आतबाहेरच, तेव्हा जाहिरातीतली ‘दोन मिनिटे’ अगदीच खोटी नाहीत. त्यांच्या आधीची तपासणी दीड-दोन तासांची असायला हवी, हे जाहिरातीत नसते. आपली मुलगी कबड्डी खेळते, आणि कबड्डीत कोपर किंवा बोट डोळ्याला लागणे ही रोजची गोष्ट आहे. लॅसिकचा पापुद्रा वरवर जुळून येतो, पण मूळच्या ताकदीने सांधला जात नाही. जोराच्या आघाताने तो वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे आहेत. ज्यांना खेळ सोडायचा नाही त्यांना मी पापुद्र्याची पद्धत सुचवत नाही, मग ती कुस्ती असो वा कबड्डी.

आता आपल्या पत्रातल्या दोन ओळींकडे येते. नंबर किमान वर्षभर जागच्या जागी थांबलेला असल्याशिवाय लेझर करू नये, हा पहिला नियम आहे, कारण लेझरने आजचा नंबर निघतो, उद्या वाढणारा नाही. मुलीच्या दोन्ही डोळ्यांचे नंबर वर्षात अर्ध्या नंबराने (०.५०) वाढले आहेत. एवढ्यावरच दिवाळीचा बेत पुढे ढकलायला हवा. पण मला अधिक खटकते ते उजव्या डोळ्याचे सिलिंडर. डाव्याचे जागेवर आहे आणि उजव्याचे ०.५०वरून १.२५वर गेले आहे, वय २० आहे, आणि ती डोळे सतत चोळते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की नेत्रतज्ज्ञाच्या मनात केरॅटोकोनसची शंका यायलाच हवी. या विकारात पारपटल एका जागी पातळ आणि कमकुवत होते आणि आतल्या दाबाने घुमटाऐवजी शंकूसारखे पुढे येते. तो बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो, दोन डोळ्यांत कमीजास्त असतो, आणि डोळे चोळण्याशी त्याचा संबंध जवळचा आहे. अशा डोळ्यावर लॅसिक करणे म्हणजे आधीच वाकलेल्या तुळईचे लाकूड तासण्यासारखे आहे. नंतर पारपटल झपाट्याने फुगत जाते आणि चष्म्यानेही धड दिसत नाही.

ही शंका आहे, निदान नाही. घाबरून जाऊ नये. तपासणाऱ्याच्या हातातला फरक किंवा कॉन्टॅक्ट लेन्सने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलणे, यांमुळेही सिलिंडर वाढलेले दिसू शकते. म्हणूनच तपासणीपूर्वी तिने मऊ लेन्स दोन आठवडे अजिबात घालू नयेत आणि त्या काळात चष्माच वापरावा. सामना असला तर तो चुकवावा लागेल. नंतर जवळच्या मोठ्या शहरात जिथे पारपटलाची टोमोग्राफी होते तिथे जावे. या यंत्राने पारपटलाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही पृष्ठांचा, तसेच जागोजागच्या जाडीचा रंगीत नकाशा निघतो. हातातल्या साध्या उपकरणाने फक्त मध्यभागाची जाडी मोजून कुणी ‘सगळे ठीक आहे’ म्हटले, तर ते पुरेसे समजू नये. केरॅटोकोनस निघालाच, तर रिबोफ्लेविन म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील प्रकाश वापरून पारपटल घट्ट करण्याचा क्रॉसलिंकिंग हा उपचार आहे. त्याने नंबर जात नाही, पण विकाराची वाढ बहुतेकांत थांबते, आणि ती जितकी लवकर थांबेल तितकी नजर टिकते. मी याच महिन्यात जायला सांगते ते लेझरसाठी नाही, यासाठी.

चोळणे आजपासून थांबले पाहिजे. नुसते ‘चोळू नकोस’ म्हणून ते थांबत नाही, कारण खाज खरी असते. थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ रुमालाची घडी पापण्यांवर ठेवावी आणि अ‍ॅलर्जीचे थेंब नेत्रतज्ज्ञाकडून लिहून घ्यावेत. औषधाच्या दुकानातून ‘लाली जायचे थेंब’ मागून आणू नयेत. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असते, आणि ते महिनोन् महिने घातले की विशीतच काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो.

नकाशा निर्दोष निघाला, तर पुढचे वर्ष-दीड वर्ष नंबर पाहावा. तो थांबला, जाडी पुरेशी असली, डोळ्यांत कोरडेपणा नसला आणि मुलीची स्वतःची इच्छा असली, तर लेझर करायला माझी हरकत नाही. योग्य डोळ्यावर केलेली ही शस्त्रक्रिया चांगली आहे आणि बहुसंख्यांना तिच्यानंतर चष्म्याशिवाय ६/६ दिसते. कोरडेपणाचे मी मुद्दाम लिहिले, कारण पारपटलातल्या बारीक नसा शस्त्रक्रियेत तुटतात आणि पुन्हा वाढेपर्यंत काही महिने डोळे कोरडे पडतात. ज्यांचे आधीच कोरडे आहेत त्यांचे हाल होतात. ती मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना सांगावे, त्यांनीही डोळे कोरडे पडतात. तिला पुढे सैन्यात किंवा रेल्वेत जायचे असेल, तर लेझर केलेल्या डोळ्यांविषयी पदागणिक वेगळ्या अटी असतात. त्या भरतीच्या चालू जाहिरातीत पाहून मगच ठरवावे.

आपल्या पत्रात मुलीची इच्छा काय, हे कुठेच आलेले नाही, ते मला खटकले. स्थळांच्या वेळापत्रकाला बांधून पारपटल उतरवू नये, एवढे मी डॉक्टर म्हणून म्हणू शकते. शिवाय लेझरनंतर नंबर कागदावर शून्य झाला तरी उणे नंबराचा अनुवंश असतो तिथेच राहतो, तेव्हा त्यातून लपवण्यासारखेही काही साधत नाही. लांब डोळ्याचा पडदा ताणलेला असतो आणि त्याला छिद्र पडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. लेझरनंतरही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा लागतो. नजरेपुढे अचानक काजवे चमकणे, काळे ठिपके वाढणे किंवा बाजूने सावली सरकणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपल्या वाचायच्या चष्म्याचे उत्तर लहान आहे. चाळिशीनंतर आतले भिंग कडक होते आणि जवळचे पाहण्यासाठी त्याला फुगता येत नाही; पारपटल कोरून ते मऊ होत नाही. एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी ठेवण्याची युक्ती आहे, पण दिवसभर फळा आणि वह्या दोन्ही पाहणाऱ्या शिक्षिकेला मी ती सहसा सुचवत नाही. मुलीलाही चाळिशीत हा चष्मा लागेल. आज उणे नंबरवाले चष्मा काढून पोथी वाचतात, ती सोय लेझर केलेल्यांना उरत नाही, हे तिला आत्ताच माहीत असलेले बरे.

तपासणीला जाताना दोन्ही वर्षांचे नंबराचे कागद आणि जुना चष्मा बरोबर न्यावा. तिथे निघालेल्या नकाशाची छापील प्रत मागून घ्यावी आणि दाखल्यांच्या फाइलमध्ये ठेवावी. तिने पुढे कधी लेझर केले, तर साठीत मोतीबिंदूच्या वेळी आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना कोरलेले पारपटल यंत्राला चकवते, आणि तेव्हाच्या डॉक्टरांना हे मूळचे आकडे लागतील. कोरून पातळ झालेल्या पारपटलावर डोळ्याचा दाबही असतो त्यापेक्षा कमी मोजला जातो, त्यामुळे काचबिंदू तपासणाऱ्यालाही हाच कागद दाखवावा लागेल. नकाशा हाती आला की त्यातले दोन्ही डोळ्यांचे सर्वांत कमी जाडीचे आकडे मला कळवावेत.